माहेर न्यूयॉर्कचं, सासर भारतातलं

इंग्रजीच्या प्रादेशिक शब्दांच्या कोशावर काम करायला लागले, त्या पहिल्या महिन्यात मी ‘प्रीपोन’ या शब्दाच्या नोंदीच्या कार्डावर बेधडक ‘भारतीय इंग्रजी’ असा शेरा लिहिला होता. ठरलेली बैठक अलीकडे घेणं, म्हणजे ‘पोस्टपोन’च्या उलट. इतका आपला वाटणारा शब्द दुसऱ्या कुणाचा असेल असं मनातही आलं नाही. कार्ड परत आलं. कोपऱ्यात एवढंच: ‘पहिला पुरावा कुठला?’

शोधत गेले तेव्हा १९१३ सालचं, न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापलेलं एक पत्र हाती लागलं. ‘पोस्टपोन’ला जोड हवी म्हणून पत्रलेखकाने तिथे ‘प्रीपोन’ सुचवला होता. तिकडे तो फारसा रुजला नाही, भारतात मात्र रोजच्या बोलण्यात आला. शब्दाचं माहेर एकीकडे आणि सासर दुसरीकडे असू शकतं, हे मला त्या एका कार्डाने शिकवलं. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: अर्थ लिहिण्यापेक्षा शब्द कुठला हे सांगणारं लेबल लावणं अवघड आहे, तिथे घाई करू नका.

या बाबतीत कॅनडातल्या इंग्रजीच्या ऐतिहासिक कोशाकडून खूप घेण्यासारखं आहे. त्याची पहिली आवृत्ती १९६७ची, दुसरी २०१७ मध्ये ऑनलाइन आली. शब्द ‘कॅनडाचा’ म्हणजे नेमका कसा, याचे दुसऱ्या आवृत्तीने सहा प्रकार केलेत. काही शब्द तिथे जन्मले, काही इतरत्र मेले पण तिथे टिकले, काहींचा अर्थ तिथे बदलला, काही नुसते तिथे जास्त वापरले जातात. उरलेल्या दोन प्रकारांत तिथल्या संस्कृतीत रुतून बसलेले आणि इतिहासातल्या वेदनेची आठवण ठेवणारे शब्द येतात. ही विभागणी हाताशी असती तर माझं कार्ड परत आलं नसतं.

दुसरी चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली: परके दिसणारे शब्द तेवढे टिपायचे. झाडं, पदार्थ, सण. पण खरा खजिना ओळखीच्या शब्दांत लपलेला असतो. दक्षिण आफ्रिकेत ‘रोबोट’ म्हणजे चौकातला सिग्नल. तिथे कुणी ‘जस्ट नाऊ’ येतो म्हणाला तर तो लगेच येईलच असं नाही. नायजेरियात ‘नेक्स्ट टुमारो’ म्हणजे परवा. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने जानेवारी २०२० मध्ये त्याची नोंद घेतली. असे शब्द वाचताना नजर त्यांच्यावरून घसरते, कारण दोन्ही शब्द आपल्याला येत असतात. वाक्य जरा अडखळलं की थांबायचं, ही सवय लावून घ्यावी लागते.

आणि नुसत्या छापील मजकुरावर भागत नाही. अमेरिकेच्या प्रादेशिक इंग्रजी कोशासाठी १९६५ ते १९७० या काळात कार्यकर्ते १,००२ गावा-शहरांत प्रश्नावली घेऊन फिरले. चतुर या किड्याला तुमच्याकडे आणखी काय म्हणतात, असा त्यांचा साधा प्रश्न. उत्तरं आली ‘डार्निंग नीडल’, ‘स्नेक डॉक्टर’, ‘मॉस्किटो हॉक’, आणि नकाशावर त्यांचे वेगवेगळे पट्टे उमटले. मला तो ‘आणखी’ फार मोलाचा वाटतो. आपला शब्द चुकीचा ठरेल ही भीती समोरच्याच्या मनातून तो काढून टाकतो. पहिला खंड १९८५ मध्ये निघाला, पाचवा २०१२ मध्ये. एवढा धीर या कामाला लागतो.

सुरुवात करताना वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, वाचकांची पत्रं आणि कोर्टाच्या बातम्या वाचा. तिथली भाषा कमी घासलेली असते. पूर्ण वाक्य, तारीख, पान क्रमांक जागच्या जागी उतरवून घ्या. ‘नंतर बघू’ म्हणून अर्धवट ठेवलेली माझी चाळीसेक कार्डं बाद झाली. त्यातल्या एका शब्दाचा, बाद झालेल्या कार्डावरच्याइतका जुना छापील दाखला मी अजूनही शोधते आहे.