नाटकाच्या ग्रुपमधलं तरुण पोरगं गेलं तर त्याची आठवण कशी जपायची

हौशी नाटकाच्या ग्रुपमधलं बावीस-चोवीस वर्षांचं पोरगं अचानक जातं तेव्हा सगळ्यांना लगेच काहीतरी करायचं असतं, कोणी पोस्टर बनवतं, कोणी त्याच्या नावाने करंडक जाहीर करून टाकतं, आणि घरच्यांना ते व्हॉट्सॅपवरून कळतं. प्लीज असं करू नका. आधी दोघं-तिघं घरी जा, नुसते बसा. दिवस होऊ देत, मग सभा कधी घ्यायची, फोटो कुठला लावायचा, कारणाबद्दल बोलायचं की नाही हे आईबाबांना विचारूनच ठरवा. आत्महत्या असेल तर कशी आणि का ही चर्चा ग्रुपवर तिथल्या तिथे थांबवा. ग्रुपमधलं कोणी फारच खचलेलं दिसलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, त्याच्या शेजारी बसून लावून द्या.

सभा शक्यतो तालमीच्या जागेतच घ्या. वॉचमनकाका, चहावाले, लाइटवाले दादा, सगळ्यांना बोलवा. पाहुण्यांची भाषणं नकोत. आईबाबांना बरेचदा माहीतच नसतं की पोरगं रात्री अकरापर्यंत तिथे नेमकं काय करायचं, 'बॅकस्टेज करतो' एवढंच ऐकलेलं असतं. तर ते दाखवा ना! त्याने लावलेला लाइट सुरू करून दाखवा, कुठल्या एंट्रीला तो विंगेत उभा राहायचा ते सांगा. 'खूप गुणी होता' हे सगळेच म्हणतात, त्यातून आईला नवीन काही मिळत नाही.

एक काम मात्र लवकर करा. म्युझिकचे ट्रॅक, लाइट प्लॉट म्हणजे कुठल्या प्रसंगाला कुठला लाइट याची नोंद, तालमीचे व्हिडिओ बरेचदा त्याच्याच लॅपटॉपवर असतात, घरच्यांना विचारून कॉपी करून घ्या आणि एक सेट त्यांनाही द्या. व्हॉट्सॅप अकाउंट साधारण 120 दिवस वापरलं नाही तर डिलीट होतं आणि तो ग्रुपमधून आपोआप बाहेर पडलेला दिसतो, त्या दिवशी सगळ्यांनाच परत धक्का बसतो, तेव्हा आधीच सांगून ठेवा. त्याचे व्हॉइस नोट्स सेव्ह करा.

आता चालू नाटकाचं काय? दिल्लीच्या जन नाट्य मंच या पथनाट्याच्या ग्रुपमधल्या सफदर हाश्मींवर 1 जानेवारी 1989 ला दिल्लीलगतच्या साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, वय फक्त 34. आणि 4 जानेवारीला जन नाट्य मंचच्या लोकांनी, त्यात त्यांच्या पत्नी मोलॉयश्रीही होत्या, तिथेच जाऊन ते अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. माझ्या मते नाटकवाल्याची यापेक्षा मोठी आठवण नाही. पण सगळ्यांना इतक्या लवकर उभं राहता येत नाही, ज्याला जमणार नाही त्याला जबरदस्ती करू नका, प्रयोग पुढे ढकला, काही बिघडत नाही.

रिप्लेसमेंटला जो येईल त्याला सांभाळा. 'तो असं करायचा' हे त्याला दर तालमीत ऐकवू नका, त्याला त्याच्या पद्धतीने भूमिका करू द्या, बिचारा आधीच दडपणाखाली असतो. प्रकाशयोजना गेलेल्या पोराची असेल तर प्रयोगाआधीच्या घोषणेत नाव त्याचंच राहिलं पाहिजे, दहा वर्षांनी प्रयोग लागला तरी, आणि नुसतं नाव घ्या, पुढे 'कै.' लावायचं का हे घरच्यांना विचारा. मानधन बाकी असेल तर न मागता नेऊन द्या.

पैसे जमवायचे असतील तर संस्थेच्या खात्यात घ्या, कोणाच्या पर्सनल यूपीआयवर नको, आणि हिशोब ग्रुपवर टाका. करंडकाचं वर्षभर थांबूनच ठरवा, कारण पहिल्या वर्षी उत्साह असतो, नंतर स्पॉन्सर मिळत नाही आणि त्याच्या नावाची स्पर्धा बंद पडली की घरच्यांना दुसऱ्यांदा लागतं. त्यापेक्षा दरवर्षी एका मुलाची किंवा मुलीची लाइटच्या वर्कशॉपची फी भरा, तेवढं छोट्या ग्रुपलाही झेपतं.