चायनीज चिकन टाकण्याआधी

आज कुंग पाओच्या वळणाचं चिकन करायचं ठरवलंय, कारण शेंगदाणे आणि वाळलेल्या लाल मिरच्या आपल्या मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात निघतातच. चीनमधल्या सिचुआन प्रांताचा गव्हर्नर दिंग बाओचेन 1886 साली वारला. त्याच्या पदवीवरून या पदार्थाला हे नाव पडलं. तिथे त्यात तिरफळाच्या जातीतलं सिचुआन मिरं घालतात. इकडे सहसा मिळत नाही, म्हणून काळी मिरी घ्या. काळा मसाला मात्र आज डब्यातच राहू द्या.

अर्धा किलो बोनलेस चिकन, मांडीचं. छातीचं चालतं, पण ते पटकन कोरडं आणि चिवट होतं. चिकन सेंटरवर आधीच सांगा की तुकडे करू नका, नाहीतर ते रश्श्याचे मोठाले तुकडे हातात ठेवतात. घरी मांसाच्या धाग्यांना आडवं, पेराएवढं कापा.

आता टिपणं. पिशवीच्या तळाशी गुलाबी पाणी साचलेलं असतं, ते ओतून द्या. चिकन धुतलं असेल तर चाळणीत निथळू द्या, आणि मग कोरड्या सुती फडक्याने दाबून टिपा. निथळलं म्हणजे कोरडं झालं असं नाही! मागच्या खेपेला हेच राहिलं आणि सगळं चिकन स्वतःच्याच पाण्यात पांढरंफटक शिजलं. कढईत पाणी असेतोवर उष्णता 100 अंशांच्या आसपासच अडकते, आणि तांबूस रंग यायला 140 च्या पुढे जावं लागतं. म्हणून टिपा. फडकं ओलं झालं की दुसरं घ्या. बोट लावून बघा, ओल लागली तर पुन्हा टिपा. ती फडकी लगेच गरम पाण्यात साबणाने धुवायची, ओट्यावर फिरवायची नाहीत.

मग एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, थोडं तेल चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये. मीठ नको, सोया सॉस खारटच असतो. चिकन आधी टिपलं नसेल तर कॉर्नफ्लोअरची चिकट लापशी होते.

तोवर वाटीत दोन मोठे चमचे सोया सॉस, एक व्हिनेगर, एक साखर, अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर आणि चार चमचे पाणी कालवून ठेवा. सॉस आधीच कालवलेला हवा, कारण कढई तापल्यावर बाटल्यांची झाकणं उघडायला वेळ मिळत नाही. लसूण, अद्रक बारीक. सिमला मिरची, कांद्याची पात चिरून. आणि हो, भाज्यासुद्धा पुसून. धुतलेल्या सिमला मिरचीच्या पोटात पाणी राहतं. शेंगदाणे भाजून, साल काढून. लाल मिरच्यांच्या बिया झटकून. भात आधीच करून ठेवा.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं किंवा करडीचं. घाण्याचं करडी तेल लवकर धुरकटतं, ते इथे नको. नॉनस्टिक नको, लोखंडी कढई घ्या. तीही पुसून, कोरडी, पुरती तापवून.

खिडकी उघडा, मिरचीचा ठसका लागतो. पाव-पाव किलोचे दोन घाणे करा. घरच्या शेगडीला हॉटेलच्या भट्टीचा जोर नसतो, एकदम टाकलं की कढई थंड पडते आणि पुन्हा पाणी सुटतं. तुकडे पसरून मिनिटभर हलवू नका, मग परता, आतून गुलाबी राहिले नाहीत की काढून ठेवा.

पुढचं भराभर. तेल, मिरच्या, लसूण, अद्रक, सिमला मिरची, चिकन. वाटीतला सॉस तळापासून ढवळून ओता, कॉर्नफ्लोअर खाली बसलेलं असतं. चकाकी आली की शेंगदाणे, पात, गॅस बंद. झाकण ठेवू नका, वाफेचं पाणी परत आत पडतं. लगेच वाढा.