शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेलोसिस: शेळीनं गाभ टाकला की या चुका टाळा

चौथा महिना सरत आलेला, शेळीनं गाभ टाकलाय, वार अर्धी बाहेर लोंबतेय आणि ती ओढायला उघडा हात पुढे जातो. या रोगात यापेक्षा धोक्याचा क्षण दुसरा नाही. गाभ टाकलेल्या शेळीची वार, गर्भजल आणि योनीतला स्राव यांत ब्रुसेलोसिस घडवणारा ब्रुसेला मेलिटेन्सिस हा जंतू अफाट संख्येनं असतो. नखाजवळची चीर, डोळ्यात उडालेला शिंतोडा किंवा तोंडाला लागलेला हात एवढंही त्याला माणसाच्या अंगात शिरायला पुरतं. आधी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोळ्यांवर चष्मा आणि नाका-तोंडावर मास्क. वार ओढायची नाही. ओढली तर ती तुटते, गर्भाशयाला इजा होते आणि आत राहिलेला तुकडा सडतो. वार अडकली असेल तर पशुवैद्यकाला बोलवा. घरात गरोदर बाई असेल तर तिला या कामापासून पूर्ण लांब ठेवा.

"दुसरीनं ढुशी दिली असेल"

एखादा गाभ पडला की कारण लगेच सापडतं: ढुशी लागली, पाला बाधला, गाडीत धक्का बसला. कधी ते खरंही असतं. पण गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा धरला तर शेवटच्या दोन महिन्यांत, थोड्याथोड्या दिवसांनी दोन-तीन जनावरांनी गाभ टाकला असेल, मधेच अशक्त करडं जन्मून दोन दिवसांत मरत असतील, तर तो अपघात नव्हे.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट: तपासणी न करता "ब्रुसेलाच" म्हणून मोकळं होणं. क्लॅमायडिया, टॉक्सोप्लाझ्मा, कॉक्सिएला, कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, लिस्टेरिया हे जंतू आणि पीपीआर हा विषाणूजन्य रोग या सगळ्यांनी गाभ पडतो. बघून फरक कळत नाही, नमुन्यांतूनच कळतो. म्हणून मेलेलं पिल्लू आणि वार लगेच पुरू नका. शक्य असेल तर पिल्लू आणि वार दुहेरी पिशवीत बंद करून, बर्फावर, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. तेवढं जमत नसेल तर पशुवैद्यकाकडून पिल्लाच्या पोटातला द्रव, वारेचा गाठी असलेला भाग आणि योनीतला स्वॅब घेऊन पाठवा. घरी पिल्लू फाडायचं नाही. मातीत लोळलेली, दोन दिवस उन्हात पडलेली वार पाठवली तर त्यात इतर जंतूच वाढतात आणि उत्तर मिळत नाही. डब्यावर "ब्रुसेलाचा संशय" असं ठळक लिहा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही हा जंतू सहज लागतो.

जागा धुतली म्हणजे निर्जंतुक झाली, असं समजणं

फिनाईलचं पाणी शिंपडून गोठा आवरला जातो आणि वार उकिरड्यावर पडते. रात्री कुत्रं ती ओढत नेतं, आणि पहाटेपर्यंत तिचे तुकडे चाऱ्याच्या वाटेवर आणि पाण्याच्या कुंडाजवळ पोचलेले असतात. उन्हात हा जंतू काही तासांत मरतो, पण गार, ओलसर, सावलीच्या जागी, शेणा-मातीत तो महिनोन् महिने टिकतो. थंड, दमट हवेत उघडे पडलेले अवशेष म्हणूनच जास्त घातक.

ओली घाण तशीच असताना ओतलेलं ब्लीच वाया जातं, कारण रक्त आणि लेंड्याच त्याची ताकद खाऊन टाकतात. क्रम असा ठेवा. भिजलेला पेंढा आणि माती खरवडून काढा आणि वारेसोबत पुरा. जमीन साबणाच्या पाण्यानं धुवा. मग 2 टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, ओता आणि तासभर ओलं राहू द्या. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही, नाहीतर उसळून अंगावर येतो. अॅल्युमिनियमची बादली वापरू नका. पर्याय म्हणून 2.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, चालतं. बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर निम्मं पाणी, निम्मं ब्लीच. नमुने काढून झाल्यावर उरलेले अवशेष विहिरीपासून लांब पुरा, कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल, वर चुना टाकून.

पुढच्या वेळी नीट व्याली, म्हणून ती शेळी ठेवणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. बाधित शेळी सहसा एकदाच गाभ टाकते, पुढच्या वेळी पूर्ण दिवसांचं, धडधाकट करडू देते. मालकाला वाटतं आजार गेला. जंतू मात्र कासेत आणि लसिकाग्रंथींत घर करून राहिलेला असतो. शेळीच्या योनीतून तो दोन-तीन महिने बाहेर पडू शकतो, दुधातून त्याहून कितीतरी जास्त काळ. मेंढीत हा काळ सहसा कमी असतो. वैद्यक विज्ञानालाही या धडधाकटपणानं चकवलं होतं: डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टात हा जंतू वेगळा केला, पण तो शेळ्यांतून येतो हे 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झमिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा कळलं. तोवर कुणी शेळीवर संशय घेतला नव्हता, कारण शेळ्या आजारी दिसतच नव्हत्या.

गाभ टाकलेली शेळी त्याच तासाला वेगळी बांधा. तिचं पाणी वेगळं, चारा वेगळा, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी.

एका निगेटिव्हवर विसंबणं

रोझ बेंगाल ही ब्रुसेलाची रक्तचाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण शेळी-मेंढीसाठी ती गाईसारखी करून चालत नाही. गाईच्या चाचणीत सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारा पिवळसर द्रव) आणि अँटिजेन (मारलेल्या, रंगवलेल्या जंतूंचं चाचणीचं द्रावण) सम प्रमाणात घेतात. शेळी-मेंढीत तसं केलं तर बाधित जनावरं सुटतात, म्हणून 75 मायक्रोलिटर सीरमला 25 मायक्रोलिटर अँटिजेन घ्यायचं. दोन्ही आधी खोलीच्या तापमानाला आणायचं, हलवत राहायचं आणि बरोबर 4 मिनिटांनी वाचायचं. उशिरा वाचलं की कडेला सुकलेला थर पॉझिटिव्ह निकालाच्या गुठळीसारखा दिसतो. प्रयोगशाळेला हे प्रमाण विचारायला संकोच करू नका.

रक्त साध्या, कोरड्या नळीत, अँटिकोॲग्युलंट (रक्त गोठू न देणारं रसायन) न घालता सुमारे 5 मिलि घ्या. ती हलवू नका, फ्रीझरमध्येही ठेवू नका. पेशी फुटून सीरम लाल झालं की निकाल बिघडतो.

गाभ पडल्या-पडल्या घेतलेलं रक्त निगेटिव्ह येऊ शकतं, कारण प्रतिपिंडं अजून पुरेशी तयार झालेली नसतात. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. बाधित आईची करडं तर मोठी होईपर्यंत निगेटिव्ह राहून पहिल्या वेताला उघड होऊ शकतात. पॉझिटिव्ह आलं तरी लसीचा किंवा येर्सिनियासारख्या दुसऱ्या जंतूचा परिणाम तर नाही, हे एलायझा किंवा कॉम्प्लिमेंट फिक्सेशन चाचणीनं ताडून बघावं लागतं. एका शेळीच्या निकालापेक्षा सगळ्या कळपाचं चित्र जास्त भरवशाचं असतं. गाईसाठीची दुधाची रिंग चाचणी इथं कामाची नाही.

नर बघायचा राहून जातो

उसन्या आणलेल्या बोकडाची किंवा मेंढ्याची तपासणी क्वचितच होते. वृषणाखाली बोटं फिरवून बघा: खालचं टोक कडक, सुजलेलं किंवा दोन्ही बाजूंना असमान लागलं तर थांबा. मेंढ्यात हे बहुधा ब्रुसेला ओव्हिसमुळे असतं. तो वेगळा जंतू आहे आणि रोझ बेंगालनं तो सापडत नाही, कारण त्या अँटिजेनमध्ये त्याच्याशी जुळणारा भागच नसतो. "रोझ बेंगाल निगेटिव्ह" एवढं ऐकून असा मेंढा कळपात सोडला की मेंढ्या रिकाम्या राहू लागतात. त्यासाठी ओव्हिसची स्वतंत्र चाचणी मागा. ओव्हिस माणसाला लागत असल्याचं आढळलेलं नाही, मेलिटेन्सिस मात्र लागतो.

विकत घेतलेली जनावरंही थेट कळपात नको. आल्यावर एकदा आणि महिनाभरानं पुन्हा तपासा. गाभण असतील तर ती व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासूनच मिसळा.

इंजेक्शन देऊन बरी करायचा प्रयत्न

ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे डोस देऊन शेळी "बरी" केली जाते. जंतू पेशींच्या आत लपलेला असतो. औषधानं स्राव काही काळ कमी होतो, जंतू संपत नाही, आणि शेळी विकली जाऊन दुसऱ्या कळपात जाते. खात्रीनं पॉझिटिव्ह आलेलं जनावर पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं कळपातून काढावंच लागतं. हे ऐकायला जड आहे, पण यावर दुसरा मार्ग नाही.

लसीतही घाई नको. शेळी-मेंढीसाठी रेव्ह-1 ही जिवंत लस आहे. ती 3 ते 6 महिन्यांच्या करडा-कोकरांना, शक्यतो डोळ्यात थेंब टाकून देतात, त्यानं पुढच्या रक्तचाचण्यांत कमी गोंधळ होतो. गाभण जनावराला दिली तर लसीनंच गाभ पडू शकतो. टोचणाऱ्याच्या हातात सुई गेली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर माणसाला रोग होतो, आणि या लसीतला जंतू स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही, हे डॉक्टरांना सांगायला हवं. गाईंची एस-19 किंवा आरबी-51 लस तिच्या जागी चालत नाही.

दूध आणि ताप

कच्चं दूध, धारोष्ण दूध, न तापवलेल्या दुधाचं ताजं चीज या वाटेनं मेलिटेन्सिस घरात शिरतो. फ्रिजमध्ये तो मरत नाही. दूध उकळा, किंवा 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं ठेवा. बाधित आईचा चीक करडांना पाजला की तोच जंतू पुढच्या पिढीत जातो.

गाभ टाकल्यानंतर एक ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, घरातल्या कुणाला चढता-उतरता ताप, रात्री दरदरून घाम, कंबरदुखी, सांधेदुखी किंवा वृषणाला सूज आली तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की घरी शेळ्या-मेंढ्या आहेत आणि एकीनं गाभ टाकलाय. ते न सांगितल्यानं लोक दुसऱ्याच तापांच्या गोळ्या घेत फिरतात. खरा उपचार साधारण 6 आठवडे, दोन औषधांचा असतो, सहसा डॉक्सीसायक्लिनसोबत रिफाम्पिसिन किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिन. आठवड्याभरात बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवल्या तर ताप परत येतो.