रद्दीच्या दुकानात जुनी मराठी पुस्तकं कशी हेरायची

रद्दीत जुनं मराठी पुस्तक हाताला लागलं की कव्हर आणि नाव नंतर बघा, आधी आतल्या नावपानाची मागची बाजू उघडा. प्रकाशक, छापखाना, आवृत्ती, पत्ता, बऱ्याचदा किंमत, सगळं तिथेच असतं आणि बहुतेक लोक ते पान न बघताच पुढे जातात, त्यामुळे चांगली पुस्तकं तशीच ढिगात पडून राहतात. ते पान वाचायचं कसं ते सविस्तर सांगतेच, पण आधी जायचं कुठे आणि कधी ते बघू.

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल, ही नावं सगळ्यांना माहितीच आहेत. तिथे जरूर जा, पण तिथल्या जुन्या विक्रेत्यांना कशाला किती येतील ते पक्कं ठाऊक असतं. स्वस्तात आणि अनपेक्षित असं जे मिळतं ते गल्लीतल्या साध्या रद्दीवाल्याकडे, आणि तेही ठराविक वेळी. दिवाळीच्या आधी घरं साफ होतात तेव्हा, जुना वाडा किंवा चाळ रिडेव्हलपमेंटला जाते तेव्हा, आणि घरातलं वाचणारं माणूस गेलं की मुलं बाहेरगावी असतात, फ्लॅट रिकामा करायचा असतो आणि चार कपाटं पुस्तकं एका दुपारी टेम्पोत भरून जातात, तेव्हा. जूनमध्ये मात्र शाळा-कॉलेजच्या पुस्तकांची एवढी गर्दी असते की दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो, तेव्हा जाऊ नका.

रद्दीवाल्याशी ओळख ठेवणं हे अर्धं काम आहे. गिऱ्हाइकाची रद्दी वजन होत असताना मध्ये हात घालायचा नाही. सुतळी सोडून गठ्ठा बघितला तर परत तसाच बांधून ठेवायचा. "काका, मराठी जुनं काही आलं, दिवाळी अंक आले, तर बाजूला ठेवा, मी येऊन बघते" एवढं सांगून नंबर द्यायचा, आणि त्यांनी खरंच ठेवलं तर किलोच्या भावापेक्षा चांगले पैसे द्यायचे. दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस केली तर पुढच्या वेळी फोन येत नाही, आणि तो आलेला फोन त्या वीस रुपयांपेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

आता ते पान. वर्ष छापलेलं असेल तर सोपंच, पण पुष्कळदा नुसता शक असतो, "शके १८७०" वगैरे, त्यात ७८ मिळवायचे म्हणजे १९४८ येतं, आणि पौष, माघ, फाल्गुनाचा उल्लेख असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात कारण इंग्रजी साल तोवर बदललेलं असतं. काहीच नसेल तर किंमत बघा. रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक साधारण १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. "२ रु. ५० न. पै." असं असेल तर ते न. पै. म्हणजे नवे पैसे, आणि हा शब्द १९६४ पर्यंतच चालला, म्हणजे सात वर्षांची खिडकी तुम्हाला आयती मिळाली! मग पत्ता. नुसतं "मुंबई ४" किंवा "पुणे ३०" असेल तर बहुतेक १९७२ च्या आधीचं, कारण पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. लोकांना जुनी सवय सुटायला वेळ लागला, त्यामुळे इथे दोन-चार वर्षं पुढेमागे धरा. उलट तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असेल तर ती प्रत २००७ च्या आसपासची किंवा नंतरची, मग कव्हर कितीही जुन्या धाटणीचं असू दे.

शुद्धलेखनावरूनही अंदाज येतो. "नाहीं, कांहीं, केलें" असे अनुस्वार भरपूर असतील तर मजकूर बहुतेक १९६२ च्या नियमांआधी जुळवलेला आहे. "अितिहास", "अुपाय" अशी अक्षरं दिसली तर ती सावरकरांनी पुरस्कारलेली लिपी, किर्लोस्कर मासिकांत ती दिसते. हे सगळं एकत्र करून बघायचं, एकाच खुणेवर भरवसा ठेवायचा नाही.

सगळ्यात जास्त फसगत प्रस्तावनेत होते. खाली तारीख असते १९३६ ची आणि माणूस खूश होतो, पण ती पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना असते आणि हातातली प्रत असते अकरावी. त्यामुळे तारीख बघितली की लगेच आवृत्तीची ओळ शोधा, आणि "पुनर्मुद्रण" हा शब्द तर डोळ्यांत तेल घालून शोधा. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी आपल्याकडे कॉपीराइट संपतो, साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं. अशी पुस्तकं वाचायला जरूर घ्या, पण संग्रहासाठी हवी असेल तर जुन्या प्रकाशकाची जुनी प्रतच शोधावी लागते.

कव्हरबद्दल मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं. मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं ही स्वतंत्र संग्रह करण्यासारखी गोष्ट आहे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, वसंत सरवटे, पद्मा सहस्रबुद्धे, यांच्यातल्या कुणाचंही मुखपृष्ठ असेल तर आतली कादंबरी तुम्हाला माहीत नसली तरी पुस्तक घ्या. कोपऱ्यात सही असते, ती शोधायची सवय लावा. वाईट एवढंच की वाचनालयं नवीन पुस्तक आलं की कव्हर काढून टाकत आणि जाड पुठ्ठ्याची बांधणी करून घेत, त्यामुळे अशा प्रतींत चित्र गेलेलंच असतं. पण बांधणाऱ्याने कधीकधी तेच कव्हर आत शिवून टाकलेलं सापडतं, म्हणून बांधीव पुस्तकाची पहिली चार आणि शेवटची चार पानं उलटल्याशिवाय खाली ठेवू नका.

दिवाळी अंक तर घ्याच घ्या. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने ही परंपरा सुरू केली, पण लोक अंक वाचून झाला की रद्दीतच देतात, त्यामुळे चांगल्या प्रतीत राहिलेले कमी. दलालांचा 'दीपावली', 'मौज', 'हंस', आणि १९८२ मध्ये बंद पडलेलं 'सत्यकथा' हे मासिक, दिसलं की उचला. मधली रंगीत चित्रं कुणी फ्रेम करायला कापून नेलीत का ते आधी बघा. याशिवाय साठच्या दशकातली 'असो', 'वाचा' यांसारखी लघुनियतकालिकं, म्हणजे प्रस्थापित मासिकांच्या बाहेर छोट्या प्रमाणावर निघालेले अंक. ती अंगाने बारीक, ढिगात दिसतच नाहीत, मोठ्या पुस्तकांच्या मध्ये दबलेली असतात. मॉस्कोहून छापून आलेली मुलांची मराठी पुस्तकं, 'प्रगती' आणि 'रादुगा' या तिथल्या प्रकाशनांची, हीही घ्या, सोव्हिएत संघ १९९१ ला संपला आणि ती येणं थांबलं. बडोद्याला कुणी असाल तर बडोदा संस्थानाने काढलेल्या सयाजी साहित्यमालेची पुस्तकं शोधा, महाराष्ट्रात ती सहज दिसत नाहीत.

घ्यायच्या आधी पुस्तक पुरं आहे का ते तपासा. जुनी पुस्तकं सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदाला घड्या घालून केलेल्या जुडग्यांत, शिवलेली असतात, आणि पान १७, ३३, ४९ च्या तळाशी डावीकडे बारीक आकडा असतो, कधी पुस्तकाच्या नावाचं आद्याक्षरही. हे आकडे ओळीने आले की फर्मे पुरे आहेत, एखादा दोनदा आला किंवा गाळला गेला तर बांधणीतच चूक आहे. मग पानाचा कोपरा अगदी हलकेच वाकवून बघा, तुटला तर कागद संपलाय, फारच दुर्मिळ असेल तरच घ्या. तपकिरी ठिपके चालतात. बुरशीचा ओला वास आणि आरपार गेलेली बारीक भोकं दिसली तर सावध व्हा.

अशी शंका असलेलं पुस्तक घरातल्या कपाटात सरळ ठेवायचं नाही. घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवलं तर बहुतेक कीड मरते, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर पानांवर पाणी धरतं. बुरशी यानं मरत नाही, तिच्यासाठी पुस्तक सावलीत वाऱ्यावर सुकवा आणि मऊ ब्रशने बाहेर गॅलरीत झाडा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि कागदही खातो.

आणि एखाद्या वाचनालयाचा शिक्का असेल तर "बाद" किंवा "रद्द" असा दुसरा शिक्का शेजारी आहे का बघा. नसेल आणि वाचनालय अजून चालू असेल तर एक फोन करा. त्यांना परत हवं असेल तर देऊन टाका, नको असेल तर तसं एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती पुस्तकातच ठेवा.