आजारपणाच्या रजेत कामावरून काढले तर

आजारपणाच्या रजेत ‘उद्यापासून येऊ नका’ असा फोन आला, तरी दबावाखाली राजीनामा लिहून देऊ नये. काढल्याचे कारण लेखी मागावे आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जोडलेला अर्ज नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपावी, कारण पुढे तोच कागद कामगाराच्या बाजूने बोलतो. काढल्यानंतर थकीत पगार कामकाजाच्या २ दिवसांत देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपण लाभ मिळतो. मात्र संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पगार अडवल्यास कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करावी, आणि पैसे हाती येण्याआधी ‘पूर्ण हिशेब मिळाला’ या ओळीखाली सही मुळीच करू नये.