गावच्या ओढ्याची तपासणी माथ्यापासून कशी करावी

पावसाळ्यात बेळगावजवळची मार्कंडेय नदी तांबडी होऊन वाहते, तेव्हा तिच्यातील गाळ पात्रात तयार झालेला नसतो. तो वरच्या शेतांतून, रस्त्यांच्या कडांतून आणि उघड्या पडलेल्या माळांवरून आलेला असतो. म्हणून ओढा तपासताना प्रथम भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर भोवतालचे उंचवटे जोडून पाणलोटाची, म्हणजे ज्या भागातले पाणी त्या ओढ्यात उतरते त्याची, हद्द आखावी आणि माथ्याकडून पायथ्याकडे चालत यावे.

पहिली फेरी जूनमधील जोरदार पावसानंतर लगेच काढावी. दोन ओहळ जिथे मिळतात, तिथे संगमाच्या थोडे वर प्रत्येकाचे पाणी वेगळ्या पारदर्शक बाटलीत भरून बाटल्या हलवून ठेवाव्यात. वाळू काही मिनिटांत तळाशी बसते, पोयट्याला (वाळूहून बारीक मातीला) काही तास लागतात, तर बारीक चिकणमाती कित्येक दिवस तरंगत राहते. ज्या बाटलीत गाळ अधिक, त्या ओहळाने वर चढावे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील तांबड्या जमिनीत खरिपाचा बटाटा सरी-वरंब्यावर लावतात. सरी उताराच्या दिशेने काढली असेल तर पाणी तिच्यातूनच वेग घेते आणि माती घेऊन जाते. सरी उताराला आडवी काढणे आणि बांधावर वाळा लावणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षितही. बांध कुठे फुटला आहे आणि गाडीवाटेची घळ झाली आहे का, हेही पाहावे.

शहराजवळ प्रश्न बदलतो. घरांसाठी लेआउट (भूखंड) पाडताना ओहळ बुजवले जातात. छपरांवरचे आणि काँक्रिटवरचे पाणी न मुरता एकदम खाली येते. बेळगाव शहरालगतच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशेतीत शिरते त्यामागे हेही एक कारण आहे, आणि त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, हे शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होय.

दुसरी फेरी हिवाळ्यात, पाणी नितळल्यावर काढावी. वाहत्या पाण्यातील दगड उलटून पाहावेत. शेपटीला दोन-तीन लांब तंतू असलेल्या अळ्या दिसल्या तर पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे. काळ्या, कुजट चिखलात केवळ लाल, दोऱ्यासारखे किडे असतील तर वर सांडपाणी मिसळते आहे असे समजावे.

सर्व नोंदी सर्वे नंबरसह ग्रामनकाशावर मांडून ग्रामपंचायतीकडे द्याव्यात. कामांचा क्रम मात्र सोडू नये: आधी माथ्यावरचे चर, मग शेतांचे बांध आणि शेवटी ओढ्यावरचा बंधारा, कारण वरची माती थोपवली नाही तर बंधारा गाळानेच भरतो.