माद्रिदला ३१ डिसेंबरच्या रात्री १० किमीचा पीबी मारायचा असेल तर

सान सिल्व्हेस्त्रे वायेकाना ही माद्रिदची वर्षअखेरची १० किमी रोड रेस. १९६४ पासून चालू आहे, ३१ डिसेंबरला असते, आणि सुरू होते दिवस मावळायच्या सुमाराला. सामान्य लोकांची रेस वेव्हमध्ये, म्हणजे गटागटाने, सुटते आणि एलिट लोकांची वेगळी रेस त्यानंतर रात्री होते. युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींना नाताळच्या सुट्टीत सहज जमण्यासारखी आहे, आणि तिथे पीबी, म्हणजे स्वतःचा आजवरचा सगळ्यात चांगला टाइम, खरंच होतो, पण त्यासाठी नुसता फिटनेस पुरत नाही, कोर्स डोक्यात असावा लागतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्टार्टपेक्षा फिनिश बराच खाली आहे, आणि रेकॉर्डसाठीचा नियम असा की स्टार्ट ते फिनिश उतार किलोमीटरमागे १ मीटरपेक्षा जास्त नको, त्यामुळे इथला टाइम अधिकृत रेकॉर्ड धरत नाहीत. २०१८ ला युगांडाचा धावपटू जेकब किपलिमो इथे २६:४१ पळाला, तेव्हाचा १० किमीचा वर्ल्ड रेकॉर्ड २६:४४ होता, तरी तो काही मोडला असं धरलं गेलं नाही. माझं मत विचाराल तर पीबी आनंदाने घ्या, तो तुमच्याच पायांनी काढलेला आहे, फक्त डायरीत त्याच्यापुढे उताराचा कोर्स असं लिहा आणि सपाट १० किमीचा टाइम वेगळा ठेवा, नाहीतर पुढच्या ट्रेनिंगचे पेस, म्हणजे किलोमीटरमागचे वेळ, सगळे चुकतात.

आता कोर्स. सांतियागो बेर्नाबेऊ स्टेडियमजवळून सुटायचं, सुरुवातीला छोटासा चढ, मग सेरानो रस्त्याने लांबलचक उतार, पुएर्ता दे अल्काला, सिबेलेस, पासेओ देल प्राडो, आतोचा स्टेशन, आणि तिथून वायेकास या भागाच्या पुलापर्यंत साधारण खालीच. इथवर सगळे हवेत असतात. पुलानंतर आल्बुफेराचा रस्ता लागतो आणि तो चढतो. घाटासारखा उभा नाही, पण साडेसात-आठ किलोमीटर जोरात पळून आलेल्या पायांना तो फार लांब वाटतो, आणि लोकांचे पीबी नेमके तिथेच जातात, कारण उतारावर फुकट मिळालेला स्पीड खरं तर फुकट नव्हता. उतारावर दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, श्वास आरामात असतो म्हणून ते कळत नाही, कळतं ते चढावर गुडघे उचलायला गेल्यावर.

म्हणून तयारीत सगळ्यात जास्त लक्ष उतारावर द्या. बहुतेक लोक डोंगराची रेस म्हटलं की फक्त चढाचे रिपीट मारत बसतात. रेसच्या आठ आठवडे आधीपासून आठवड्यातून एकदा, ६०० ते ८०० मीटरचा सौम्य उतार शोधा, त्यावर १० किमीच्या पेसने चार वेळा खाली पळा आणि वर चालत किंवा हळू जॉग करत या, मग हळूहळू सहापर्यंत न्या. पहिल्या वेळी दोन दिवस मांड्या धरतील, जिना उतरताना त्रास होईल, पण दोन-तीन वेळा केल्यावर तोच वर्कआउट तेवढा दुखत नाही, स्नायू त्या ब्रेकिंगला सरावतात, आणि आपल्याला हेच हवंय. पावलं छोटी आणि भराभर, टाच लांब पुढे टाकायची नाही, अंग मागे झुकवायचं नाही. शेवटचा जोराचा उतार रेसच्या दहा-बारा दिवस आधी, त्यानंतर अजिबात नाही.

दुसरा महत्त्वाचा वर्कआउट म्हणजे उतारानंतर लगेच चढ. ४ किमी टेम्पो (जोराचा, पण सलग टिकवता येईल असा पेस), त्यातला शेवटचा भाग उतारावर येईल असा रूट आखा, आणि न थांबता ३ ते ४ मिनिटं चढ. मुंबईत असाल तर पेडर रोड आहे, साताऱ्याकडच्यांना यवतेश्वरचा घाट आहे. नेदरलँड्ससारख्या सपाट देशात राहत असाल तर कॅनॉलवरचा मोठा पूल नाहीतर पार्किंगचा रॅम्प, कंटाळवाणं आहे पण काम होतं. आणि यातले काही वर्कआउट मुद्दाम संध्याकाळी सात-आठ वाजता करा, कारण सकाळी पाचला पळायची सवय असलेल्या पोटाला दिवसभर खाऊन संध्याकाळी जोरात पळायचं म्हणजे वेगळंच प्रकरण आहे.

रेसचा दिवस हा खरा अवघड. माद्रिदला आलोय तर म्युझियम बघू, जरा फिरू, असं करत लोक दुपारपर्यंत पंधरा-वीस हजार पावलं चालतात आणि मग पाय जड झाले म्हणतात. फिरणं १ तारखेला ठेवा. सकाळी दहा मिनिटं हलका जॉग, मग आराम. स्पेनमध्ये जेवण दुपारी दोन-तीनच्या पुढे चालतं, तुम्ही तसं करू नका, स्टार्टच्या चार तास आधी जेवण आटपा, पांढरा भात, थोडं चिकन किंवा अंडं, ओळखीचं काहीतरी, तेलकट आणि तिखट नको, डाळी-कडधान्यंही नकोत. दोन तास आधी एक केळं. कॉफी लागत असेल तर तासभर आधी, पण संध्याकाळच्या कॉफीने रात्री झोप उडते, त्या रात्री तसंही कोणी लवकर झोपत नाही म्हणून चालतं.

थंडी धरून चला, दहाच्या खाली तापमान असणं नेहमीचं. पळताना फुल टीशर्ट आणि पातळ हातमोजे पुरतात, पण वेव्हमध्ये उभं राहायला जुना स्वेटर घाला जो टाकून देता येईल. संध्याकाळी अंग सकाळपेक्षा मोकळं असतं हे खरं, पण वीस मिनिटं थंडीत उभं राहिलं की सगळं गेलं, त्यामुळे जागेवर उड्या, गुडघे वर, काहीतरी चालू ठेवा. नाव नोंदवताना आधीचा टाइम दाखवून पुढची वेव्ह मिळवा, हे फार महत्त्वाचं आहे, मागे बरेच लोक वेशभूषा करून गप्पा मारत पळतात, त्यांची मजा त्यांना करू द्या, पण त्यांच्यातून वाट काढत पीबी होत नाही.

हेडलॅम्प लागत नाही, रस्त्यांवर भरपूर दिवे आहेत. घड्याळाचा बॅकलाइट मात्र कायम चालू ठेवा आणि स्क्रीनवर दोनच आकडे, एकूण वेळ आणि लॅपची वेळ, मोठ्या अक्षरात. लॅप किलोमीटरच्या बोर्डावर हाताने दाबा. रात्री स्पीड असतो त्यापेक्षा जास्त वाटतो, दिवे आणि लोक बाजूने सरकत असतात, त्यामुळे नुसत्या अंदाजावर जाऊ नका. पाऊस पडलेला असेल तर झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्या आणि गटारांची झाकणं टाळा.

पेसचा ठोकताळा असा की १ टक्का चढाला किलोमीटरमागे ७ ते ९ सेकंद जातात आणि तेवढ्याच उताराला फक्त ५ परत मिळतात. ५० मिनिटांच्या आत यायचं असेल तर मी असं सांगेन: पहिला किलोमीटर ५:१०, घाबरू नका, गर्दी आणि चढ दोन्ही आहे. दुसरा ते पाचवा ४:४८ च्या आसपास, म्हणजे ५ किमीला साधारण २४:२२. इथे ४:३५ दिसायला लागलं तर लगेच आवरा, पाय म्हणतील जमतंय, ऐकू नका. सहावा-सातवा ४:५०. आठवा-नववा चढाचे ५:१८ पर्यंत जाऊ द्या, नजर दहा-पंधरा मीटर पुढे, हात जोरात, श्वासावर लक्ष, घड्याळ बघूच नका. शेवटचा किलोमीटर पुन्हा सोपा होतो, तिथे ४:५० किंवा जे उरलंय ते सगळं. बेरीज ४९:२८ होते, म्हणजे अर्ध्या मिनिटाची सोय आहे, ती चढावर खर्च करायची, सेरानोवर नाही.

फिनिश झालं की घाम थंड व्हायच्या आत कोरडे कपडे घाला, ते कोणाकडे द्यायचे हे आधीच ठरवून ठेवा. परतीला पोर्ताझ्गो स्टेशनवरून मेट्रोची १ नंबर लाइन आहे, गर्दी असते. बारा वाजता तिथे बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खातात, तोपर्यंत नीट जेवून घ्या. मांड्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतील, तेव्हा दोन-तीन दिवस फक्त चालणं, आणि पुढचा आठवडाभर उतार अजिबात नको.